ठिगळावर कोण बसणार?

“डबे उघडायचे नाहीत, हुंगायचे नाहीत, कानाशी धरून हलवायचे तर मुळीच नाहीत! या तिन्हींतला कुठला माल होडीच्या भोकात भरायचा, ते सांग. चुकलीस, तर धक्क्यावरची तुझी शेड उद्या मोडली म्हणून समज!”

माडबंदरच्या महाराजांनी असं फर्मावलं, तेव्हा भागी तांडेल पदराला हात पुसत उभी होती. होड्या दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं बंदरावर कुणी नव्हतं. समोर महाराजांची फायबरची होडी उलटी घातलेली, पोटाला तळहाताएवढं भोक. आज नारळी पौर्णिमा. चार वाजता महाराज होडीतून जाऊन समुद्राला नारळ अर्पण करणार. संस्थान कधीच विलीन झालं होतं, हट्ट तेवढा शिल्लक होता.

भोक तसं जुनंच. गेल्या वर्षी ते राजवाड्याच्या गॅरेजमध्ये मोटारीच्या पेंटरकडून बुजवून घेतलं होतं. काय सुरेख काम! हात फिरवावा तर लोण्यासारखं. भर समुद्रात महाराजांनी नारळ सोडला, तो तरंगला. होडी मात्र खाली जाऊ लागली. होडीत भरलेल्या गुडघाभर पाण्यातून महाराजांना ओढून काढलं आणि मग सगळा दरबार एकमुखानं म्हणाला, “तो माल आम्ही नव्हता सुचवला!”

म्हणून यंदा महाराजांनी तीन जणांकडून भोक बुजवायच्या फिलरचे तीन डबे मागवले आणि कुणाचा वशिला नको म्हणून वरची लेबलं स्वतः खरवडून काढली. कुठला डबा कुणाचा, एवढंच काय ते माहीत. लेबल गेलं की माल प्रामाणिक होतो, अशी त्यांची समजूत. बाजारात बसलेला कुणीही सांगेल, लेबल गेलं की विकणारा जास्त बोलतो!

“माझा फिलर म्हणजे रेशीम!” दिवाणजी म्हणाले.

“माझा परदेशी आहे,” राणीसाहेबांचे बंधू दादासाहेब म्हणाले. त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

तिसरा डबा कोठीवाल्या सखोबाचा. तो म्हणाला, “माझा आपला... बरा आहे.”

भागीनं डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माणसांकडे बघत होती.

“महाराज, डब्यांना हात लावत नाही. पण माणसांना विचारलं तर चालेल?”

“विचार!”

“आमच्या बंदरावर एक रीत आहे. दुरुस्त झालेली होडी पहिल्यांदा पाण्यात गेली, की ज्यानं फिलर पसंत केला तो बरोबर त्या ठिगळावर बसतो. मांडी घालून. होडी धक्क्याला परत लागेपर्यंत उठायचं नाही. बोला दिवाणजी, बसणार?”

दिवाणजींनी तरुणपणी अख्खी खाडी पोहून पार केली होती. कचेरीत त्यांचा पदकासह फोटो होता. त्यांनी कपाळ पुसलं. “बसलो असतो गं! पण सणाचा दिवस... कचेरीत कुणीतरी हवं ना!”

“दादासाहेब, तुम्ही?”

“मला होडी लागते,” दादासाहेब म्हणाले आणि वाळूत उभ्या उभ्या त्यांना मळमळूही लागलं.

“सखोबाकाका?”

“बसतो की! नेहमीचंच आहे. माझ्या डोणीला हाच भरलाय. तीन पावसाळे त्याच्यावरच बसून कोठीचं सामान आणतोय.” मग जरा ओशाळून म्हणाला, “फक्त कुणीतरी सोबत असावं. मला पोहता येत नाही.”

“महाराज, सखोबाकाकांचा डबा!” भागी म्हणाली. “पोहणारा बसत नाही आणि न पोहणारा बसतो, आता उघडून आणखी काय बघायचं?”

महाराजांनी स्वतः डबे उघडले. सखोबाच्या डब्यात काचेच्या बारीक तंतूंचा खरबरीत, केसाळ लगदा होता. दिवाणजींचा माल पांढराशुभ्र, मऊसूत.

“हा तर गेल्या वर्षीचाच!” महाराज ओरडले.

“माल वाईट नाही,” भागी म्हणाली. “मोटारीच्या दाराला झकास. होडीवर पाण्याच्या वरचे ओरखडे झाकायलाही चालेल. पाण्याखाली मात्र तो पाणी पितो, आणि भोकाला धरून ठेवायला त्यात एक तंतूही नाही.”

दादासाहेबांच्या डब्यात कणकेसारखी मळायच्या पुट्टीची कांडी निघाली. भागीनं ती कमरेला खोचली. “ही ओल्यातही घट्ट होते. भर समुद्रात भोक पडलं तर तेवढ्यापुरती. ही बरोबर घेऊ.”

मग ती कामाला लागली. जुना भरणा ओल्या खडूसारखा निघून आला. भोकाच्या कडा घासून उतरत्या केल्या, जागा खडखडीत कोरडी केली. श्रावणातलं ऊन तापलं होतं, म्हणून माल घट्ट करणारा हार्डनर बेताचा घातला. जास्त झाला की माल हातातच दगड होतो. आतून-बाहेरून भरलं, वाळल्यावर घासलं, वर रंगाचा हात दिला.

चार वाजता होडी पाण्यात गेली. सखोबा ठिगळावर मांडी घालून बसला. महाराज काठावरच थबकले. गेल्या वर्षीचे भिजलेले गुडघे आठवले असावेत.

“थांब! फिलर सखोबानं निवडला, पण सखोबाला कुणी निवडलं? तू! मग तूही बस तिथं!”

“बसते की!” भागी टुणकन आत उतरली आणि सखोबाला सरकवून बसली. अजून एक माणूस मावेल एवढी जागा तिनं हातानं झाडून ठेवली. “पण महाराज, मला कुणी निवडलं?”

धक्क्यावर दिवाणजी आभाळाकडे बघू लागले.

आणि महाराज असे हसले, की हातातला नारळ पडता पडता राहिला! फेटा सावरत ते उतरले आणि त्या दोघांच्या शेजारी ठिगळावर मांडी ठोकून बसले. नारळ अर्पण झाला, होडी परत धक्क्याला लागली, तरी महाराजांचं धोतर कोरडं!

“शेड तुझी, भागी! खालच्या जागेसकट, कायमची!” महाराज गरजले. “आणि दिवाणजी, यापुढं दरबारात कुणी काही सुचवलं, तर आधी त्याला त्यावर बसवा!”