घास टाकून पळायचा खेळ

समुद्रात मीठ नुकतंच विरघळत होतं, तेव्हाची गोष्ट. पुनवेच्या ओहोटीला म्हातारी कासवीण खेकड्यांच्या पोरांना एक खेळ खेळायला लावी. तिनं हाक दिली, की तोंडातला घास टाकून टेकडीवरच्या उंडीच्या झाडापर्यंत पळायचं.

छोटी चिंबी कुरकुरायची, "आजी, भरल्या ताटावरून का उठवतेस गं?"

"एडका मागे सरतो तो टक्कर मारायलाच, बायो. समुद्राचंही तसंच."

पुढं कासवीण वारली. एके सकाळी भुई थरथरली, समुद्र लांब मागे हटला आणि वाळूत मासे तडफडू लागले. चिंबीच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तोंडून निघाली ती कासविणीचीच हाक. सगळे टेकडीवर पोचले, तोच लाटेनं किनारा गिळला.

आता चिंबी म्हातारी झालीय. तिनं हाक दिली, की पोरं कुरकुरतात, "आजी, भरल्या ताटावरून का उठवतेस?"

कुरकुरायला पोरं आहेत, म्हणून तिचे डोळे भरून येतात.