पाच राघूंची फांदी

त्या राईत कायदा एकच होता. दिवस मावळायच्या आत ज्याला कुणी नावाने हाक मारली नाही, तो ससाण्याचा. म्हणून संध्याकाळी राईभर हाकांचा नुसता कल्लोळ उठे. आया पिलांना हाका मारत, शेजारी शेजाऱ्यांना. भांडणंसुद्धा त्या वेळी नाव घेऊनच होत.

उंबरावर गाणाऱ्या पाच राघूंना ही धास्ती ठाऊक नव्हती. गाणं पाच ओळींचं, ज्याची त्याची एक ओळ. गाणं संपलं की सगळी राई "पाच राघू!" म्हणून ओरडे आणि एका हाकेत पाचही जण सुटत. स्वतःचं नाव सांगायची वेळ कुणावर आलीच नाही.

पुढे चौघांनी आपापल्या झाडांवर घरटी केली. तिथे त्यांना हाक मारणारं कुणी ना कुणी होतं. मधला राघू, गुलकंठ, उंबरावरच राहिला. त्याला एकट्याने गायचं होतं. त्याने नवं गाणं बसवलं, जीव ओतून म्हटलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि विचारलं, "बाकीचे कुठं गेले हो?"

"मी गुलकंठ," तो म्हणाला.

"हो हो, त्या पाचांतले तुम्ही!"

पण हे काही नाव नव्हे. ससाणा शेंड्यावर येऊन बसला होता. अखेर एका म्हाताऱ्या साळुंकीने आठवून आठवून नाव घेतलं, तेव्हा निभावलं. "उद्या आठवेलच असं नाही रे बाबा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ससाणा एक फांदी खाली बसला.

गुलकंठ तडक सुतार पक्ष्याकडे उडाला.

"लाकडाचे चार राघू करून देतो," सुतार म्हणाला. "पण तू हलायचं नाहीस. एक हलला की बाकीचे लाकडाचे, हे लगेच कळतं."

त्या संध्याकाळी उंबरावर पुन्हा पाच राघू दिसले. राईला आनंद झाला. जुनं गाणं सगळ्यांना पाठ होतं, ते खालूनच सुरू झालं. तिसरी ओळ आली. ती गुलकंठची. त्याने चोच मिटूनच ठेवली. ओळ खालच्यांनीच म्हटली. मग "पाच राघू!" असा गजर झाला आणि ससाणा उडून गेला.

गर्दी पांगताना एक पारवा थबकला. "मधला जरा हलला का गं?"

"ओलं लाकूड असेल," पारवी म्हणाली. "वाळलं की राहील नीट."

वर गुलकंठने श्वास रोखून धरला.