आईच्या वाट्याचं कापड

“...मग मरिया येशूच्या नुसत्या देहाची आई, असं म्हणणारा चुकला कुठे?”

फादर पास्कल यांनी डोळे मिटूनच विचारलं.

डीकन अल्बनला हाच प्रश्न हवा होता. येत्या परवा याजकदीक्षा घेऊन तो डीकनचा फादर होणार होता आणि एक जानेवारीला, देवमातेच्या सणाला, वेदीवर त्याची पहिली उपासना, पहिली मिस्सा. त्या मिस्सेचं प्रवचन तीन महिने घासूनपुसून त्याने तयार केलं होतं आणि तेच ऐकवायला तो आपल्या जुन्या गुरूंकडे आला होता. सेमिनरीत, धर्मगुरूंच्या विद्यालयात, पहिला आलेला मुलगा. म्हाताऱ्याने एकदा पाठ थोपटावी, एवढीच आपली इच्छा आहे, असं तो स्वतःला सांगत होता.

“तो आईला समजण्यात चुकला, फादर. आई देहाला जन्म देत नाही, कुणालातरी जन्म देते. माझा आत्मा देवाने दिला. म्हणून मी असं म्हणतो का, की ही बाई फक्त माझ्या हाडामांसाची आई?”

“नाही म्हणत.”

“मरियेच्या पोटी आला तो एकच. तोच माणूस, तोच देव. त्याचे दोन तुकडे करून एकाची आई तिला ठरवता येत नाही. देवपण तिने घडवलं नाही, पण तिने जन्म दिला तो देव होता. म्हणून ती देवाची आई.”

“अर्ध्याची आई असं काही नसतं म्हणतोस.”

“नसतंच, फादर. आई पूर्णाचीच असते.”

वाक्य इतकं नेमकं बसलं की अल्बनच्या अंगावर शहारा आला. हे प्रवचनात शेवटी घालायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

फादरांनी डोळे उघडून बाहेर पाहिलं. खिडकीबाहेर चर्चच्या अंगणात नाताळच्या देखाव्याचा गोठा अजून उभा होता. त्यातलं गवत कुणाच्या तरी कोंबड्या उकरत होत्या.

“छान,” ते म्हणाले. “काल तुझी आय आली होती.”

अल्बनचा चेहरा उतरला.

त्याची आय, रेजिनाबाय, वसईच्या बाजारात केळी विकायची. नवरा लवकर गेला. तिने डोक्यावर टोपल्या वाहून एकुलत्या एका मुलाला वाढवलं आणि तो सेमिनरीत जातो म्हणाला तेव्हा एका शब्दाने अडवलं नाही.

“काय म्हणाली?”

“अल्बन कापड देणार नाही म्हणतो, असं म्हणाली.”

दीक्षेच्या वेळी बिशप नव्या याजकाच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ते तेल ज्या कापडाला पुसायचं, ते कापड पहिल्या मिस्सेला सगळ्यांदेखत आईच्या हाती द्यायचं, अशी रीत आहे. आई ते जिवापाड जपते. ती गेली की तिच्या हातांना तेच बांधून तिला पुरतात. देवापुढे रिकाम्या हाताने जायला नको, असं जुन्या बायका म्हणतात. रेजिनाबायने कापड आणून, चष्मा सांभाळत, त्याच्या चारी कडांना स्वतः टाके घातले होते.

“ते चर्चच्या कपाटात ठेवायचं ठरवलंय मी,” अल्बन म्हणाला.

“का?”

“फादर, आयने मला जन्म दिला, मान्य. पण याजकपण तिने दिलेलं नाही. ते देवाचं देणं. त्या तेलाशी तिचा...”

तो मध्येच थांबला. आपलंच बोलणं आपल्या कानांवर पडल्यासारखं त्याला झालं.



“आणि खरं कारण?” फादरांनी विचारलं.

“हेच खरं कारण आहे.”

“अल्बन...”

अल्बनने मांडीवरचे कागद उगाच सारखे केले. मग खाली बघत तो बोलू लागला.

“ती रडेल, फादर. मोठ्याने रडेल. समोर बिशप असतील, माझे प्रोफेसर असतील... आणि ती वेदीसमोर येऊन, माझ्या पोरा, म्हणून माझं तोंड कुरवाळेल. तिच्या हातांना केळीच्या चिकाचे डाग आहेत. काळे. कितीही घासले तरी निघत नाहीत...”

बोलून गेला आणि धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. याच हातांनी तिने त्याला भरवलं होतं. ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

फादर उठले. ब्याऐंशी वर्षांचं शरीर सावरत, गुडघ्यांवर हात ठेवत ते खाली बसले आणि खाटेखालची पत्र्याची ट्रंक त्यांनी ओढली. अल्बन मदतीला वाकला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. तिच्यातल्या जुन्या झग्याखालून त्यांनी एक घडी काढली आणि अल्बनच्या तळहातावर ठेवली.

पिवळं पडलेलं सुती कापड होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा छोटासा क्रूस भरलेला होता. ज्या हाताने तो भरला त्याला शिवणकामाची सवय नसावी, क्रूस एका बाजूला कलला होता.

“हे कुणाचं, फादर?”

“माझ्या दीक्षेचं. पंचावन्न वर्षं झाली.”

अल्बनला क्षणभर कळेना. मग कळलं.

“पण हे तर तुमच्या आयबरोबर...”

“तिला पुरलं तेव्हा तिचे हात मोकळे होते.”

“तिने मागितलं नव्हतं?”

“एकदा. मग नाही.”

बाहेर कोंबड्यांना कुणीतरी हाकललं. अल्बन त्या कललेल्या क्रुसावरून बोट फिरवत राहिला. विचारू नये असं त्याला वाटत होतं, तरी त्याने विचारलं.

“का दिलं नाही, फादर?”

फादर पास्कल यांनी त्याच्या मांडीवरचे प्रवचनाचे कागद उचलले, नीट जुळवले आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिले.

“त्या दिवशी माझं प्रवचन फार सुंदर झालं होतं.”