न हलणारं घराणं

एका कणगीत, ज्वारीच्या ढिगात, सोंडकिड्यांचं एक घराणं नांदत होतं. सोंडकिडे म्हणजे धान्यात होतात ते बारीक काळपट किडे. तोंडापुढे इवलीशी सोंड, पाय सहा, आणि बोलायला कुणाला हार न जाणारे.

घरातला कर्ता होता म्हातारा कोंडिबा. आपल्या घराण्याइतकं मेल्याचं सोंग दुसऱ्या कुणाला जमत नाही, याचा त्याला फार अभिमान. आणि तो खोटाही नव्हता. घरधनीण ज्वारी काढायला कणगीत हात घालायची. तेव्हा जो हलला तो तिला दिसायचा आणि चिमटीत सापडायचा. जो पाय आखडून गप्प पडला, तो कोंड्यातला कण समजून सुटायचा. एवढ्या एका विद्येवर कितीतरी पिढ्या तरल्या होत्या.

म्हणून कोंडिबा रोज दुपारी सगळ्यांकडून सराव करून घेई. तो "पडा" म्हणाला की लहानथोर जागच्या जागी पडत. मग तो सोंडेनं एकेकाच्या पोटाला गुदगुल्या करत फिरे. जो हलला त्याला आठ दिवस सगळे चिडवत. कोंडिबाचा मुलगा खंडू तर पडल्या पडल्या झोपूनच जाई आणि दर वेळी पहिला येई.

या खंडूची बायको येसू. ती तांदळाच्या डब्यातली लेक. लग्न होऊन आली त्याच दिवशी जेवताना तिनं माहेरची हकिकत सांगितली. तिथल्या बाईनं एकदा तांदूळ उन्हात पसरले होते. जे पडून राहिले ते कायमचे राहिले. येसूला तिच्या मावशीनं ओढत भिंतीच्या सावलीत नेलं, म्हणून ती वाचली.

"मामंजी, हात आला तर पडावं," येसू म्हणाली, "पण ऊन आलं तर पळावं लागतं."

कोंडिबानं खाणं थांबवलं. "म्हणजे आमच्या खंडूला पळपुट्यांच्यातली बायको मिळाली म्हणायची."

सगळे इतके हसले की दोघंतिघं दाण्यावरून घसरून खाली पडले. खंडूही हसला. तेव्हापासून येसूचं नाव पळपुटीच पडलं. ती जरा भरभर चालली तरी कुणी ना कुणी विचारायचं, काय वहिनी, ऊन आलं का? येसूनं तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं तिला चिमी झाली. येसूच्या मनात यायचं, लेकीला तरी एकदा सांगून ठेवावं. पण पोरगी जाऊन कोंडिबाआबांना सांगायची आणि पुन्हा हसं व्हायचं. म्हणून तेही राहून गेलं.

मग चैत्र आला. एका सकाळी घरधनिणीनं कणगी उपसली आणि सगळी ज्वारी अंगणात चादरीवर पातळ पसरली. त्याच ज्वारीत तांबडे भुंगेरे राहत होते. त्यांनी ऊन बघितलं आणि वाट फुटेल तिकडे पळाले. कोंडिबाला त्यांचं हसू आलं. "बघा, घाबरट कसे असतात ते," तो म्हणाला. "पडा. कुणी हलायचं नाही."

सगळे पडले. येसूही पडली. पडता पडता तिनं बघून घेतलं. भिंतीची सावली चार हातांवर होती.

ऊन वर चढलं. चादर तापली. खालून चटका, वरून चटका. शेजारून चिमीचा बारीक आवाज आला, "आई, पाठ भाजतेय गं. हलू का?"

येसूनं कोंडिबाकडं बघितलं. त्याचा एक डोळा उघडा होता. उठावं, पोरीला घ्यावं, पळावं, असं तिला वाटलं. मग तिला ते सगळं हसणं आठवलं.

"थोडं थांब बाय," ती म्हणाली. "आबा बघतायत."

चिमी थांबली. शहाणी पोर होती.

येसूला वाटलं, कुणीतरी आधी उठेल. एक उठला की दुसरा उठेल, मग आपणही उठू. पण कुणीच उठेना. खंडू उठेना, दीर उठेनात. मध्येच तिनं बघितलं, कोंडिबाचा डोळा सावलीकडं लागला होता. त्यालाही कळलं होतं. पण सगळा जन्म दुसऱ्यांना हसण्यात गेलेला. त्यानं आता पहिलं कसं उठावं? तोही पडून राहिला. सावली भिंतीकडं सरकत गेली. चार हातांवर होती ती सहा हातांवर गेली.

चिमीनं पुन्हा विचारलं नाही, तेव्हा येसूला राहवेना. ती उठली.

"मामंजी, उठा," ती ओरडली. "हा हात नाही, ऊन आहे. उन्हाला सोंग कळत नाही."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही.

तिनं चिमीला सोंडेत धरलं आणि ओढत नेलं. पाय भाजले, दोनदा कोलमडली, पण थांबली नाही. सावलीत, भिंतीच्या फटीत पोरीला ठेवलं. "झालं बाय. आता हल," ती म्हणाली. चिमीचे सहाही पाय पोटाशी नीट दुमडलेले होते. येसूनं तिला गुदगुल्या केल्या. हाक मारली. पुन्हा मारली. रागावून बघितलं. आता कुणी बघत नाही, असंही सांगितलं.

ऊन कलल्यावर घरधनिणीनं ज्वारी सुपात घेऊन पाखडली. सोंडकिड्यांचं घराणं कोंड्याबरोबर उडून भिंतीपाशी येऊन पडलं. येसू त्यांच्याकडं बघत बसली. वाऱ्यानं कुणाचा पाय हलला की ती उठून उभी राहायची.

तात्पर्य: लोक हसतील म्हणून जिवाभावाच्या माणसांना धोक्याची गोष्ट वेळेवर सांगितली नाही, तर पुढं कितीही ओरडून सांगितली तरी ती ऐकायला कुणी उरत नाही.