काचबाईंचे थेंब

मोटार दिसली की गावातले बैल उधळायचे, त्या काळची गोष्ट. एका इनामदारांच्या मोटारीत चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक काचेची नळी होती. वरच्या डब्यातलं तेल तिच्यातून थेंबाथेंबानं खाली इंजिनात जायचं. सगळे तिला काचबाई म्हणत, आणि बाईंना आपल्या थेंबांचा भारी तोरा होता.

एके दिवशी घाट चढताना खालून इंजिनातले बेअरिंगबुवा ओरडले, "बाई, तेल पाठवा हो! अंग भाजून निघालंय!"

"कांगावा पुरे!" काचबाई कडाडल्या. "आत्ताच थेंब सोडला, माझ्या डोळ्यांदेखत गेला. गिळून बसलात आणि वर बोंब मारताय!"

"देवाशपथ नाही मिळाला हो!" म्हणत बुवा खडखडू लागले. पिस्टन वैतागला, "बुवा, तुमचं रोजचंच झालंय." आणि पुढच्याच वळणावर इंजिन ठप्प झालं.

दगडूमिस्त्री आला. त्यानं आधी काचेत पाहिलं. थेंब झकास पडत होते. बाई खुलल्या. मग मिस्त्री मोटारीमागे गेला, तर रस्त्यावर पार पायथ्यापासून तेलाची काळी रेघ! तो मोटारीखाली शिरला आणि हसला, "वरून तेल सुटतंय, पण खालचा पाइपच फुटलाय. बेअरिंग बिचारं कोरडं ठणठणीत!"

काचबाईंना घाम फुटला.

पाइप सांधला गेला. बुवा थोडे झिजले, पण वाचले. तेव्हापासून थेंब सोडला की काचबाई खाली वाकून विचारायच्या, "बुवा, पोचला का?" आणि खालून "पोचला हो!" आलं, की मगच चमकायच्या.