आप्पासाहेबांची चार वाजताची भूक

लिहिण्यात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या; गोष्ट मात्र खमंग आहे.

एक होते इनामदार आप्पासाहेब. वजन इतकं वाढलं, की दसऱ्याला ते स्वार होताच घोडंच खाली बसलं. खापर फुटलं लाजाळू आचारी सोपानवर.

सगळ्यांदेखत आप्पासाहेब गरजले, "महिन्याभरात मला हलका कर, नाहीतर चूल सोड! आणि ऐक, मला भूक लागली की तत्काळ खायला द्यायचं. उपाशी ठेवलंस तर त्याच दिवशी हाकलीन!"

सोपान चुलीपाशी बसून हिशेब करू लागला. सरकारांची जेवणं दोनच, पण मधले लाडू-चिवडे दहा वेळा. ते तोडायचे कसे?

त्याच दुपारी चार वाजता हाक आली, "सोपान्या, भूक लागली रे!"

सोपानने वाटीभर गरम फुटाणे पुढे ठेवले.

"हे काय? मी घोडा आहे का? बेसनाचे लाडू आण!"

सोपान खाली मान घालून म्हणाला, "सरकार, भुकेला फुटाणेही गोड लागतात. फुटाण्यांना नको म्हणते ती भूक नव्हे, जीभ. आणि जिभेला वाढायचा हुकूम मला नाही."

ओसरीवर गप्पांना बसलेली मंडळी आप्पासाहेबांकडे बघू लागली. आता लाडू मागावा, तर सगळ्यांसमोर भूक खोटी ठरत होती. आप्पासाहेबांनी एक फुटाणा चावला, दुसरा काही उचलवेना. मग ते खो खो हसले. "लेका, भूक नव्हतीच रे! चूल तुझीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानने कढईत वाळू तापवली आणि आठवड्याचे हरभरे भाजायला घेतले.