कणगीच्या पोटातला हरभरा

सुपं नि दळायची जाती बोलत होती तेव्हाची गोष्ट. माळावरच्या एका घरात धान्याची कणगी घसा फोडून सांगत होती, पण तिचं कुणी खरं मानत नव्हतं.

"अरे, पेरणीचा हरभरा माझ्यात ओलाच भरलाय. पोट तापायला लागलंय माझं!"

सूप फडफडलं, "मी दोन उन्हं दिलीत त्याला. शेणानं लिंपलेली टोपली तू, मला शिकवतेस?"

कणगी जात्याकडे वळली. "आजोबा, मूठभर दाणे भरडून बघा. ओले असले तर तुमच्या दाताला चिकटतील."

"बियाण्याला दात लावायचा नाही, ही या घराची रीत," जातं गुरगुरलं. "मूठभर दाण्यांसाठी मी पाप घेऊ?"

"पेरायला नाही उरलं, तर पुढल्या वर्षी काय दळाल? दगड?"

घरातल्या सगळ्या वस्तू हसल्या. कणगी रोज ओरडत राहिली आणि तिचं पोट रोज जास्त तापत गेलं.

पेरणीच्या सकाळी झाकण निघालं. आत बुरशीचे काळे गोळे होते, पेरण्याजोगा एक दाणा नव्हता. सूप लगेच म्हणालं, "सडलं कुणाच्या पोटात, ते बघा की!"

मग सगळ्यांनी एका तोंडानं नाव घेतलं, कणगी.